ओळखीचे रजिस्टर

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

मागच्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी आम्ही तिघी मैत्रिणी सभागृहाच्या दाराशी नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. पुढ्यात दोनशे पानी रेघांचे रजिस्टर, टेबलाच्या पायाला दोऱ्याने बांधलेले बॉलपेन आणि गुलाबाच्या फुलांची परडी. रजिस्टरच्या पहिल्या पानावर फूटपट्टीने रकाने आखलेले होते : नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, हुद्दा, मोबाईल क्रमांक, सही. काम तसे सोपे होते. आलेल्या पाहुण्यांना नमस्कार करायचा, फूल द्यायचे आणि सही घ्यायची.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग मध्यम वयाच्या एक बाई आल्या. त्यांनी पेन उचलले आणि पहिल्या रकान्यावर टेकवून तसेच धरून ठेवले. मला म्हणाल्या, "बाळ, माहेरचं नाव लिहू की सासरचं?" मी शेजारी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "मॅडम, सध्याचं लिहा." त्यांनी सासरचे नाव लिहिले, सही केली आणि त्या आत गेल्या. दुपारी जेवणाच्या रांगेत दुसऱ्या एक बाई मला शोधत आल्या. आपली एक जुनी मैत्रीण आली आहे का ते बघ, म्हणाल्या, आणि त्यांनी एक नाव सांगितले. मी पानांवरून बोट फिरवले. ते नाव कोठेच नव्हते. "नाही आल्या," असे मी सांगून टाकले. सकाळच्या बाई त्याच असाव्यात हे माझ्या ध्यानात आले तेव्हा ताटे उचलली गेली होती. एकाच मांडवात त्या दोघी जेवल्या. भेटल्या की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

त्याच दिवशी एक गृहस्थ आले. नाव लिहिले, वर्ष लिहिले आणि 'हुद्दा' या रकान्यापाशी थबकले. "ताई, हुद्दा नाही मला. किराणा दुकान आहे," असे म्हणून त्यांनी तेथे एक आडवी रेघ ओढली. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. रकानाच तसा होता.

मेळावा उत्तम झाला. दीपप्रज्वलन झाले, ईशस्तवन झाले, शाल आणि श्रीफळ देऊन नामवंतांचे सत्कार झाले. जुन्या आठवणी निघाल्या, एका निवृत्त प्राध्यापकांचे डोळे भरून आले. 'आपण सर्वांनी संपर्कात राहिले पाहिजे' असे प्रत्येक वक्त्याने सांगितले आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. संध्याकाळी ते रजिस्टर मी स्वतः कार्यालयात नेऊन दिले. ते लोखंडी कपाटात गेले.

आता हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण निराळे आहे. माझी एक मैत्रीण माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे होती. भूगोल घेऊन बी.ए. झाली. तिला नकाशांचे वेड. भूगोलाच्या पदवीनंतर संगणकावर नकाशे करण्याचे, ज्याला जी.आय.एस. म्हणतात त्याचे, शिक्षण घेता येते एवढे तिला पाठ्यपुस्तकातून कळले होते. ते कोठे घ्यावे, कला शाखेच्या मुलीला तेथे प्रवेश मिळतो का, फी किती पडते, पुढे काम कोण देते, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. वडील शेती करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. इंटरनेटवर शोधावे तर प्रत्येक खासगी संस्था स्वतःला पहिल्या क्रमांकाची म्हणवून घेते. शेवटी जवळ पडते म्हणून तिने एका दुसऱ्याच विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला. दिवाळीच्या सुटीत कळले, की आमच्याच भूगोल विभागातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक मुलगा हेच शिक्षण घेऊन पुण्याला नोकरी करीत आहे. तो मेळाव्याला आलाही होता. माझ्या हातून फूल घेऊन गेला होता. रजिस्टरमध्ये त्याचे नाव होते, नंबर होता, आणि 'जी.आय.एस. ॲनालिस्ट' असा हुद्दाही त्याने स्वच्छ अक्षरात लिहिला होता. फक्त ते पान आम्ही कोणी उघडले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की आपल्या महाविद्यालयाने आजी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी एक ऑनलाइन मंच उभा करावा, आणि तो मेळाव्याचे फोटो लावण्यासाठी नव्हे तर एका अनोळखी मुलीला एक साधा प्रश्न विचारता यावा एवढ्यासाठी उभा करावा.

आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द मोठा गमतीचा आहे. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस दहा मिनिटांत आपले गाव, आडनाव, मामाचे गाव विचारतो आणि काहीतरी नाते काढतोच. याला आपण 'ओळख काढणे' म्हणतो, आणि त्यात एक माया असते हे मी नाकारीत नाही. परंतु ही ओळख निघते ती आडनावावरून. भावकी, जात, गाव, फार तर पक्ष, या वाटांनीच ती जाते. ज्याच्या भावकीत कोणी शिकलेले नाही, त्याने कितीही ओळख काढली तरी ती बांधाच्या पलीकडे जात नाही. दुसऱ्या बाजूला, ज्याचे काका मंत्रालयात आणि आत्या प्राध्यापिका, त्याला कोणत्याही मंचाची गरज नाही; त्याचा मंच रविवारी घरी जेवायला येतो. कॉलेज ही एकच जागा अशी आहे, जेथे आडनाव न विचारता नाते सांगता येते : तुम्ही त्याच वर्गात बसलात, त्याच ग्रंथालयात पुस्तकाची वाट पाहिलीत. एवढे नाते पुष्कळ आहे. ते वापरात मात्र नाही.

यावर कोणी म्हणेल, की व्हॉट्सॲपचे समूह आहेत की. आहेत, आणि माझ्या मोबाईलमध्येही ते चार आहेत. पण हे समूह बहुधा एकेका वर्षाच्या तुकडीचे असतात. एका तुकडीतल्या सगळ्यांना जे ठाऊक नसते, ते त्यांनी एकमेकांना कितीही विचारले तरी कळणार कसे? आम्हाला हवी असते ती उभी ओळख, पाच-दहा वर्षे आधी गेलेल्यांची, आणि समूह असतात आडवे. दुसरे असे, की तेथे विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत सुप्रभाताच्या चित्रांखाली गाडला जातो. पुढच्या वर्षीच्या मुलीला तोच प्रश्न पुन्हा पडतो, आणि तो आधी कोणी विचारला होता हे तिला कळण्याची सोय नसते. शिवाय २०२२ पासून अशा समूहात १०२४ सभासद घेता येऊ लागले. म्हणजे एका मुलीचा नंबर हजार अनोळखी माणसांपुढे उघडा. आमच्या वर्गातल्या कित्येक मुली असल्या समूहांतून मुकाट्याने बाहेर पडल्या त्याचे कारण हेच आहे, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलेले नाही.

विद्यापीठाच्या आवारापुरता असा मंच ही काही माझी कल्पना नव्हे. २००१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑर्कुट बुयुक्कोक्तेन नावाच्या तुर्की संशोधक विद्यार्थ्याने 'क्लब नेक्सस' नावाचे संकेतस्थळ तेथल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केले. विद्यार्थ्याने आपली माहिती द्यायची, आपले मित्र कोण ते सांगायचे. मग मित्रांचे मित्र दिसत, समान आवडीची माणसे शोधता येत, कार्यक्रम कळत, जुन्या वस्तूंची खरेदीविक्रीही होई. पहिल्या काही महिन्यांतच दोन हजारांवर विद्यार्थी त्यावर आले. पुढे त्याच धर्तीवर माजी विद्यार्थ्यांसाठी 'इनसर्कल' निघाले. याच गृहस्थाने गूगलमध्ये गेल्यावर जानेवारी २००४ मध्ये जे सुरू केले ते ऑर्कुट. आमच्या तरुण प्राध्यापकांपैकी अनेकांनी त्यावर स्क्रॅप लिहिले असतील. भारतात आणि ब्राझीलमध्ये ऑर्कुट घराघरांत पोहोचले, पण त्याचे मूळ एका विद्यापीठाच्या आवारात होते हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ऑर्कुटनंतर दोनच आठवड्यांनी, ४ फेब्रुवारी २००४ रोजी, हार्वर्डच्या वसतिगृहातील एका खोलीतून फेसबुक सुरू झाले. सुरुवातीस त्यावर यायला हार्वर्डचा ई-मेल पत्ता लागे. मला विशेष वाटले ते त्याच्या नावाचे. 'फेसबुक' म्हणजे तिकडील महाविद्यालये नव्या विद्यार्थ्यांना देत असत ती छापील पुस्तिका. त्यात प्रत्येकाचे छायाचित्र आणि नाव. म्हणजे थोडक्यात आमचे रजिस्टरच! फरक एवढाच, की ते विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी छापले जाई आणि आमचे कपाटात ठेवण्यासाठी लिहिले जाते.

या दोन्ही मंचांचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. फेसबुकने एकेक विद्यापीठ जोडत नेले, आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरील कोणालाही दार उघडले. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण त्या दिवसापासून ते कॉलेजचे राहिले नाही. तेथे सर्व जग आले, आणि सर्व जगापुढे कोणी 'मला अमुक कळत नाही' असे कबूल करीत नाही. ऑर्कुटची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. त्यावर आपापल्या शाळा-कॉलेजांचे समूह मांडून बसलेल्यांचा संसार एका कंपनीच्या निर्णयाने आवरला गेला. तेव्हा दार लहान ठेवावे आणि घर स्वतःच्या मालकीचे असावे, एवढे या दोन उदाहरणांवरून मी घेतले आहे.

समाजशास्त्राच्या तासाला आम्हाला मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध सांगितला गेला. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात, नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना त्याने विचारले, की ज्याच्याकडून तुम्हाला या जागेची माहिती मिळाली त्याची आणि तुमची भेट किती वेळा होत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून माहिती मिळालेले निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते; नवी बातमी दुरून येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक लोकांच्या प्रयोगाचा अहवाल आला, त्यातही अगदी जिवलग नव्हे आणि अगदी परकेही नव्हे अशा मधल्या ओळखी नोकरीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरल्या. त्याच कॉलेजचा, चार वर्षे पुढचा, कधीतरी मेळाव्यात पाहिलेला विद्यार्थी म्हणजे अशी मधली ओळख नव्हे तर काय?

हा प्रश्न आता केवळ नोकरीचाही राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमातच 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला त्याचे चार श्रेयांक आहेत, पदवीलाही ते आले आहे. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्याने कोठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम करायचे आहे. कोठे? ज्याचे मामा वकील, तो मामांच्या कार्यालयात जाईल. ज्याचे कोणीच नाही तो ओळखीच्या दुकानदाराकडून सही-शिक्का आणून प्रमाणपत्र जोडील, आणि आपण सर्वजण ते खरे मानू. वृत्तपत्राची कचेरी, ग्रंथालय, ग्रामपंचायत, दवाखान्यातील समाजसेवा विभाग, भाषांतराचे काम करणारी संस्था, या ठिकाणी आमच्याच कॉलेजचे कोणी ना कोणी बसलेले असते. कोण, हे सांगणारी यादी नाही.

यादी नाही असे तरी कसे म्हणावे? यादी आहे, पण ती विखुरलेली आहे. प्रवेशाची रजिस्टरे आहेत. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक आहे. आणि एरवी पदवीधरांची आठवण कोणाला असो वा नसो, निवडणुकीत ती हमखास येते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे अधिसभेवर दहा नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात. विधान परिषदेत पदवीधरांच्या सात जागा आहेत. त्या वेळी घरोघर नोंदणीचे अर्ज येतात आणि पदवीच्या प्रती गोळा होतात. मतासाठी पदवीधर सापडतो, मग सल्ल्यासाठी का सापडू नये?

मंचावर येणारा माणूस खरोखर आपल्या कॉलेजचा आहे हे कसे ठरवायचे, हा प्रश्न मी कार्यालयातील एका अनुभवी लिपिकांना विचारला. त्यांचे उत्तर मला फार आवडले. अलीकडच्यांसाठी नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख पुरे, म्हणाले. जुन्यांसाठी क्रमांक मागू नका, कोणाला आठवणार नाही. त्यांच्या वर्गातल्या दोघांनी 'हा आमचा' म्हटले की घ्या. पूर्वी ओळखपरेड अशीच होत असे, असे म्हणून ते हसले. माझ्या मते याहून चांगली पद्धत एखाद्या कंपनीनेही सांगितली नसती.

पण खरी अडचण आहे ती स्त्रियांच्या नावाची. तिच्याकडे आजवर कोणी गांभीर्याने पाहिलेले नाही. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये मुलीचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. काही वर्षांनी ती आडनाव बदलते, क्वचित पहिले नावही बदलते. मंचावर ती नव्या नावाने आली तर जुने रजिस्टर तिला ओळखत नाही. जुन्या नावाने आली तर तिच्या आजच्या कार्यालयातील लोक तिला ओळखत नाहीत. आपल्या कला शाखेच्या वर्गांत मुलांपेक्षा मुली जास्त दिसतात. म्हणजे नावाचा हा एक रकाना चुकला तर निम्म्याहून अधिक माजी विद्यार्थिनी हरवल्याच म्हणून समजा. उपाय अवघड नाही. नावाचे दोन रकाने ठेवावेत, शोध दोन्हींवर चालावा, आणि कोणते नाव इतरांना दिसावे हे तिचे तिने ठरवावे. ज्यांनी आडनाव बदलले नाही त्यांना दुसरा रकाना रिकामा ठेवता यावा आणि त्याबद्दल कोणी चौकशी करू नये.

मोबाईल क्रमांक कोणालाही दिसू नये. निरोप मंचावरून जावा, ज्याला उत्तर द्यायचे त्याने तेथेच द्यावे. नंतर दोघांना वाटले तर क्रमांक द्यावा-घ्यावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तेव्हा संमतीवाचून जुन्या रजिस्टरातली नावे उचलून मंचावर टाकणे कायद्यालाही धरून होणार नाही. प्रत्येकाला विचारावे लागेल. ते वेळखाऊ आहे, आणि तसे असणेच योग्य आहे.

'हुद्दा' हा रकाना मात्र काढून टाकावा असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्याच्या जागी 'मी कशाबद्दल सांगू शकेन?' एवढे विचारावे. ज्या गृहस्थांनी आडवी रेघ ओढली, त्यांच्याशी मी नंतर बोलले. त्यांनी बी.ए. झाल्यावर स्पर्धा परीक्षेत पाच वर्षे घालवली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, आणि मग दुकान टाकले. आज तीन माणसे त्यांच्या हाताखाली आहेत. स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्यांची भाषणे आम्ही दरवर्षी ऐकतो. ती सोडून द्यायची केव्हा, घरच्यांना सांगायचे कसे, आणि त्यानंतर उभे राहायचे कसे, हे सांगू शकणारा माणूस मात्र रजिस्टरमध्ये एका रेघेखाली बसला आहे. आमच्या वर्गातील निदान दहा जण त्याच्याशी बोलायला आज तयार होतील. तलाठी, परिचारिका, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, बँकेतले कारकून, घरी शिकवण्या घेणाऱ्या गृहिणी : हा मंच त्यांचा असावा. नामवंतांचे फोटो जिन्यात लावलेले आहेतच.

दोन आक्षेप मला ऐकवण्यात आले. एक असा, की याने वशिलेबाजी वाढेल. मला हे पटत नाही. वशिला झाकून चालतो; त्याला चार लोकांत विचारलेला प्रश्न आणि चार लोकांत दिलेले उत्तर मानवत नाही. तरीही एक नियम हवा : मंचावर नोकरी मागायची नाही, माहिती मागायची. 'माझे काम करा' आणि 'हे काम कसे असते ते सांगाल का' यांत मोठे अंतर आहे. दुसरा आक्षेप एका प्राध्यापकांचा, आणि तो मात्र मला बोचला. ते म्हणाले, "मुलांना विचारता कुठे येतं? 'हाय सर' लिहून थांबतात." हे खरे आहे. मीही थांबले आहे. समोरचा मोठा माणूस, आपले मराठी बरोबर आहे का, मूर्खपणाचे तर वाटणार नाही ना, या भीतीने 'हाय सर'च्या पुढे बोट सरकत नाही. आपण कोण, कोणत्या वर्षाला, नेमके काय ठाऊक नाही आणि ते समोरच्यालाच का विचारत आहोत, असे चार ओळींचे पत्र लिहिणे हे प्रथम वर्षाच्या भाषेच्या तासाला शिकवता येईल. आठवीत आम्ही काल्पनिक मामाला पुष्कळ पत्रे लिहिली. आता खऱ्या माणसाला एक लिहू द्या.

पैशांविषयी थोडक्यात. 'नॅक'च्या २०१७ नंतरच्या मूल्यांकन-आराखड्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान मिळाले, आणि त्यात त्यांनी किती लाख रुपये दिले हेही विचारले गेले. परिणाम असा झाला, की अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्याला पहिला निरोप जातो तोच देणगीचा. अमेरिकेतील विल्यम्स महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८२१ साली, कॉलेज मोडकळीस येण्याची भीती होती तेव्हा, संघटना उभारली. संकटात हात द्यावा हे मलाही मान्य आहे. पण पंधरा वर्षे ज्याची विचारपूस केली नाही त्याला एकदम खाते क्रमांक पाठवणे बरे दिसत नाही. निदान पहिली तीन वर्षे या मंचावर पैशाचा शब्द निघू नये.

मंच तयार करणे हे त्यातल्या त्यात सोपे काम आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ते प्रकल्प म्हणून करू शकतील. तो मराठीत असावा, मोबाईलवर चालावा, आणि ई-मेल नसणाऱ्यालाही त्यावर येता यावे. अवघड आहे ते तो जिवंत ठेवणे. उद्घाटन होते, प्राचार्य कळ दाबतात, टाळ्या पडतात आणि सहा महिन्यांनी शेवटचा मजकूर स्वातंत्र्यदिनाचा असतो, असे आपण अन्यत्र पाहतोच. कारण ते काम सर्वांचे असते, म्हणजे कोणाचेच नसते. यासाठी 'कमवा आणि शिका' योजनेतील दोन विद्यार्थी नेमावेत असे मी सुचवते. बागेत पाणी घालण्याइतकेच हे काम रोजचे आहे. कोणाचा प्रश्न आठ दिवस अनुत्तरित राहिला ते पाहावे, योग्य माणसाला आठवण करावी, जुन्या रजिस्टरांतील नावे उतरवून काढावीत, संमतीचे फोन करावेत. वर्षभर हे काम करणाऱ्या मुलाला शंभर माणसांशी बोलता येईल, हा त्याचा निराळा लाभ.

सुरुवात एकाच विभागापासून करावी, आणि ती भूगोलापासून करावी असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण वर आलेच आहे. माझी मैत्रीण अजून त्या मुलाला भेटलेली नाही, परंतु त्याच्याशी फोनवर तिचे बोलणे झाले. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा अर्ज करणार आहे. वर्ष गेले ते गेलेच.

प्राचार्यांच्या परवानगीने मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी मेळाव्याचे ते रजिस्टर कपाटातून बाहेर काढले असून सुटीत आम्ही एकेका नावाला फोन करणार आहोत. एक अडचण आहे. जुन्या तुकड्यांतील मुलींची माहेरची नावे आमच्यापाशी नाहीत. ज्या प्राध्यापकांकडे निरोप समारंभाचे, विभागीय सहलींचे किंवा स्नेहसंमेलनाचे जुने फोटो असतील आणि त्यांच्या मागे नावे लिहिलेली असतील, त्यांनी ते चार दिवसांसाठी आम्हाला द्यावेत. आम्ही मोबाईलवर त्यांची छायाचित्रे घेऊन मूळ प्रती परत करू. पहिल्या मजल्यावर ग्रंथालयाच्या शेजारी, दुपारी एक ते दोन या वेळात आमच्यापैकी कोणीतरी एक जण बसलेली असते.